औषध रक्तात किती? घड्याळ आणि दुधाची वही

मागच्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या टाचेला एवढीशी जखम झाली. चपलेचा खिळा लागला असावा. 'असावा' म्हणते, कारण त्यांना तो कधी लागला हेच कळलं नाही. वीस वर्षांचा मधुमेह, पायाची संवेदना गेलेली. हळद लावली, फडकं बांधलं आणि श्रावणातली व्रतं सुरू झाली. पायातून वास यायला लागला तेव्हा कुठे सुनेने पायमोजा काढायला लावला.

पुढचं सगळं भराभर झालं. दवाखाना, तिथून मोठं इस्पितळ, एक्स-रे, एमआरआय. जखमेतला पू तपासायला गेला आणि निदान आलं की जंतू थेट टाचेच्या हाडात शिरला आहे, आणि नेहमीच्या औषधांना तो दाद देत नाही. व्हॅन्कोमायसिन नावाचं अँटिबायोटिक शिरेतून द्यावं लागणार होतं, तेही किमान सहा आठवडे. डॉक्टर तरुण होते, पण बोलायला स्पष्ट. म्हणाले, "काकू, औषध कमी पडलं तर पाय जाईल आणि जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतील. म्हणून आपण अधूनमधून रक्तातली लेव्हल बघणार."

हे मला नवीनच होतं. रक्तातली साखर माहीत, हिमोग्लोबिन माहीत. पण आपणच दिलेलं औषध रक्तात किती आहे हे परत मोजायचं? अहो, भाजीत मीठ आपण चमच्याने मोजूनच घालतो ना, मग चाखायचं कशाला? पण स्वयंपाक करणारीला विचारा. भाजीने पाणी किती सोडलं, बटाटा किती पडला, यावर ते मीठ अळणी लागणार की खारट हे ठरतं. चमचा तोच, भाजी निराळी. औषधाचंही तसंच. एकाची मूत्रपिंडं धडधाकट, ती औषध झपाट्याने बाहेर टाकतात. दुसऱ्याची थकलेली, त्याच्या अंगात तेच औषध साचत जातं. वजन, वय, अंगावरची सूज, सगळ्याने फरक पडतो. म्हणून चाखून पाहायचं.

ही चाखायची युक्ती निघाली कुठून हे मी मुद्दाम वाचून काढलं. आणि खरं सांगते, त्या गोष्टीत स्वयंपाकघर आहे, बेडपॅन आहे आणि लघवीची बाटली घेऊन सायकलवर निघालेला डॉक्टरही आहे.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. आपण चायना ग्रास घालून दुधाची थिजलेली खीर करतो, ते चायना ग्रास म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून केलेला अगर. जर्मनीत फॅनी हेसे नावाच्या गृहिणी होत्या. त्यांचे पती वॉल्टर हेसे जंतूंवर काम करत. जंतू वाढवायला ते जिलेटिनचा थर वापरत आणि उन्हाळा आला की तो थर वितळून जाई. १८८१च्या सुमारास फॅनीबाईंनी सुचवलं, की मी मुरांब्यात आणि जेलीत अगर घालते, तो उकाड्यात वितळत नाही, तोच वापरून पाहा. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना हे कळलेलं होतं. आज जगातल्या प्रत्येक जंतूंच्या प्रयोगशाळेत त्या अगराच्या बशा असतात. फॅनीबाईंचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. असो.

आता ऑक्सफर्डला जाऊ. पेनिसिलीन फ्लेमिंगना १९२८ मध्ये दिसलं हे शाळेत आपण शिकलो. पण बुरशीच्या त्या रसाचं औषध केलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. बुरशी वाढवायला पसरट भांडी मिळेनात, तेव्हा त्यांनी इस्पितळातली बेडपॅनं आणली. पुढे तशाच घाटाची चिनी मातीची भांडी खास करवून घेतली, आणि ती सांभाळायला सहा मुली कामावर ठेवल्या. इतकं करून हाती यायची चिमूटभर पिवळी भुकटी, तीही अशुद्ध. मग त्यात खरं औषध किती आहे हे कळायचं कसं?

नॉर्मन हीटली यांनी उपाय काढला तो असा. अगराच्या बशीवर स्टॅफिलोकॉकस जंतू पेरायचे. (हाच जंतू माझ्या जाऊबाईंच्या टाचेत निघाला, म्हणून लक्षात राहिला.) त्यावर काचेच्या नळकांड्या उभ्या करायच्या आणि त्यांत तो रस भरायचा. बशी रात्रभर उबेला ठेवायची. सकाळी सगळ्या बशीवर जंतूंची दाट साय आलेली असते, फक्त नळकांड्यांभोवती स्वच्छ गोल राहतो, कारण तिथे औषध झिरपून जंतू वाढलेले नसतात. औषध जितकं जास्त, तितका गोल मोठा. त्याची रुंदी मोजायची आणि माहीत असलेल्या मापाच्या औषधाच्या गोलाशी ताडून पाहायची. झालं! नळकांडीत रसाऐवजी रोग्याच्या रक्तातलं पाणी घाला किंवा लघवी घाला, त्यात औषध किती आहे हे तो गोल सांगतो. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत औषध असंच मोजलं जात होतं. आता यंत्रं आली आहेत. नमुना आत गेला की तास-दोन तासांत आकडा बाहेर येतो.

हे औषध माणसाला प्रथम टोचलं गेलं तेव्हाची एक गोष्ट मला चटका लावून गेली. माणसाला ते कितपत सोसतं हे कुणालाच माहीत नव्हतं. जानेवारी १९४१ मध्ये एल्वा एकर्स नावाच्या बाईंनी ते टोचून घ्यायला संमती दिली. त्यांना कर्करोग होता, बऱ्या होण्याची आशा नव्हती आणि पेनिसिलीनचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. हे त्यांना सांगितलेलं होतं. इंजेक्शननंतर त्यांना हुडहुडी भरली, ताप चढला. औषधातल्या अशुद्ध भागामुळे तसं झालं हे ध्यानात आलं आणि पुढचं औषध अधिक स्वच्छ केलं गेलं. ज्या ओषधाने पुढे लाखो बाळंतिणी वाचल्या, त्याची पहिली सुई एका मरणपंथाला लागलेल्या बाईने सोसली.

त्यानंतरच्या महिन्यात अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाची पाळी आली. चेहऱ्यावरची जखम चिघळून जंतू सर्वांगात पसरलेले, एक डोळा काढावा लागलेला. दर तीन तासांनी पेनिसिलीन सुरू झालं आणि दिवसभरातच ताप उतरायला लागला, जेवायची इच्छा झाली. पण औषध होतं मूठभर. आणि एव्हाना या मंडळींनी मोजून पाहिलेलं होतं की पेनिसिलीन रक्तात फार टिकत नाही. अर्ध्याएक तासात निम्मं नाहीसं होतं आणि त्यातलं बरंचसं जसंच्या तसं लघवीत उतरतं. म्हणजे महामोलाचं औषध मोरीत वाहून चाललेलं! मग त्या पोलिसाची लघवी साठवून डॉक्टर चार्ल्स फ्लेचर सायकलवरून ती प्रयोगशाळेत नेत, तिच्यातून पेनिसिलीन पुन्हा काढलं जाई आणि त्यालाच परत टोचलं जाई. तरी पाचव्या दिवशी साठा संपला. महिनाभराने, १५ मार्च १९४१ला, तो गेला. यानंतर त्यांनी मुलं निवडली, कारण लहान अंगाला औषध कमी पुरतं.

दर तीन तासांनी सुई का, याचं उत्तर त्या लघवीच्या बाटलीत होतं. पेनिसिलीनचा बाहेर जायचा रस्ता अडवणारं प्रोबेनेसिड नावाचं औषधही पुढे निघालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिच्यातच आहे. प्रत्येक औषधाची जंतू मारायची रीत निराळी असते. पेनिसिलीनच्या जातीची औषधं म्हणजे बासुंदीचं दूध. आच फार मोठी नको, पण ती सतत पाहिजे, मध्येच गॅस गेला की फिसकटलं. म्हणून ती ठरावीक तासांनी देतात आणि एक वेळ चुकली तरी नुकसान होतं. जेंटामायसिन, अमिकासिन या औषधांचं काम फोडणीसारखं. तेल एकदा कडकडीत तापलं पाहिजे, मोहरी तडतडली पाहिजे. मग आच उतरवायची. उतरवली नाही तर करपलंच. ही औषधं बहुधा दिवसातून एकदाच मोठ्या मात्रेत देतात आणि पुढच्या डोसाआधी ती रक्तातून जवळजवळ नाहीशी झाली आहेत ना, हे पाहतात. झाली नसतील तर ती मूत्रपिंडात आणि कानाच्या आतल्या भागात साचत जातात. मूत्रपिंड पुष्कळदा सावरतं. कान सावरत नाही.

हे लिहिताना माझी आत्या डोळ्यांपुढे येते. तिला क्षय झाला तेव्हा मी शाळेत होते. तालुक्याचा कंपाउंडर सायकलवर यायचा आणि तिला स्ट्रेप्टोमायसिनची सुई द्यायचा, रोज, महिनोन् महिने. क्षय बरा झाला. पण मधल्या काळात ती भिंत धरून चालायला लागली. म्हणायची, "होडीत बसल्यासारखं वाटतं गं." घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे, अंडी द्या, खारीक द्या. ती सगळ्यांच्या देखत तोल सावरायची, आणि संध्याकाळी दिवे गेले की जिथे असेल तिथे खाली बसून घ्यायची. अंधारात तिला उभंच राहता येत नसे. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, तो त्या औषधाने कायमचा गेला होता. हे मला कळलं ते चाळीस वर्षांनी. तिने कंपाउंडरला कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. तिची मूत्रपिंडं कशी आहेत, औषध अंगात साचतंय का, हे तिथे कोण मोजणार होतं? त्या सुईने तिचा जीव वाचवला हेही तितकंच खरं, म्हणून मी औषधाला नावं ठेवत नाही. पण कानात दडे बसणं, गुणगुण, चालताना झोक जाणं यातलं काही अशा सुया चालू असताना झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. अशक्तपणाच्या नावावर खपवू नका.

तर जाऊबाईंकडे वळते. व्हॅन्कोमायसिन सोमवारी रात्री नऊला सुरू झालं. एक ग्रॅम, दर बारा तासांनी, दीड तासात थेंबथेंब. हे औषध घाईने सोडलं तर अंग लाल होतं, खाज सुटते, रक्तदाब उतरतो. म्हणून सलाईनचं चाक आपल्या हाताने कधीही फिरवू नका. 'लवकर संपू दे, म्हणजे झोपता येईल' असं म्हणत फिरवणारे नातेवाईक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. चौथा डोस बुधवारी सकाळी नऊला होता. त्याच्या अर्धा तास आधी रक्त घ्यायचं ठरलं. त्या वेळी औषध रक्तात सर्वांत कमी असायला हवं. तळाचा आकडा म्हणा.

मंगळवारची रात्र माझी होती. नऊला सिस्टरनी बाटली लावली, चार्टवर लिहिलं आणि पाच मिनिटांत जाऊबाईंचा हात टम्म फुगला. शीर फुटलेली. दोनदा टोचून झालं, शीर मिळेना. वॉर्डात त्याच वेळी अपघाताची माणसं आली, डॉक्टर तिकडे गेले. सिस्टर एकटी, पेशंट तीस. मी तिला बोल लावत नाही. नवी सुई लागली पहाटे साडेपाचला. पावणेसहाला औषध सुरू झालं आणि सव्वासातला संपलं. मला रात्रभर झोप नव्हती, म्हणून मी पिशवीतली दुधाची वही काढून तिच्या मागच्या पानावर वेळा लिहीत बसले होते. मुलगी नेहमी म्हणते, आई, मोबाइलवर लिही. पण माझा हात वहीकडेच जातो.

साडेआठला रक्त गेलं. दुपारी आकडा आला, ३३. तळाला असायला हवा वीसच्या आत. डॉक्टर राउंडला आले ते चिंतेतच. म्हणाले, "औषध साचतंय. डोस निम्मा करू." सकाळचा डोस त्यांनी थांबवूनच ठेवला होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिला औषध नऊला मिळालंच नाही हो. पहाटे सव्वासातला संपलंय."

त्यांनी चार्ट पाहिला. चार्टवर रात्रीचे नऊ. मी दुधाची वही पुढे केली. एका बाजूला 'म्हैस १ लि., गाय ½ लि.' आणि मागे माझ्या वेळा. क्षणभर मला लाज वाटली. ते मात्र हसले नाहीत. वहीचा फोटो काढला, सिस्टरला बोलावून विचारलं आणि म्हणाले, "म्हणजे हा तळाचा आकडा नाहीच. हा जवळजवळ शिखराचा आहे." शिखराला ३३ असणं हे अगदी अपेक्षित. पहाटेपासून बारा तास धरून संध्याकाळी साडेपाचला परत रक्त घेतलं. आकडा आला १४. डोस होता तोच राहिला.

आता विचार करा. तो आकडा चुकीचा नव्हता बरं का. यंत्र बरोबर, रक्त बरोबर, प्रयोगशाळा बरोबर. फक्त वेळ चुकीची लिहिली गेली आणि हाडातल्या जंतूला निम्म्या औषधावर सोडलं जाणार होतं. रक्तातल्या औषधाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. औषध कधी सुरू झालं, कधी संपलं आणि रक्त कधी घेतलं, या तीन वेळा शेजारी असल्या तरच तो बोलतो.

नंतर डॉक्टरांनी मला आणखी एक समजावलं. या औषधासाठी पूर्वी नुसता तळाचा आकडा पंधरा ते वीस ठेवायचा प्रघात होता. त्यात पुष्कळांची मूत्रपिंडं दुखावली जातात असं दिसलं, म्हणून २०२० पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी चोवीस तासांची बेरीज पाहायला सांगितलं आहे. त्यासाठी दोन वेळा रक्त घेऊन गणित करतात. हे मला पटकन कळलं, कारण पापड वाळवताना आपण तेच तर करतो. बाराचं ऊन किती कडक होतं एवढ्यावर पापड वाळत नाही, दिवसभर मिळून ऊन किती मिळालं यावर वाळतो. तेव्हा 'एकदा रक्त नेलं, आता परत कशाला' म्हणून सिस्टरशी भांडू नका.

तुमच्या घरचं कुणी अशा औषधावर असेल तर उशाशी एक वही ठेवाच. ठरलेली वेळ लिहू नका, प्रत्यक्ष घडलेली वेळ लिहा. मध्ये सलाईन बंद पडलं तर तेही लिहा. रक्त घ्यायला आलेल्याला विचारा, "ही डोसाआधीची तपासणी का नंतरची?" ज्या हातात औषध चाललंय त्याच हातातून रक्त घेऊ लागले तर नम्रपणे आठवण करा, नाहीतर आकडा भलताच फुगतो. दिवसाची लघवी किती झाली यावरही लक्ष असू द्या, आणि दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनाने चारू नका. त्यांतल्या कित्येक मूत्रपिंडावरचा भार वाढवतात. उलट घशाला किंवा दाढेला चार दिवस गोळ्या घेणाऱ्याने 'माझीही लेव्हल काढा' म्हणून मागे लागायचं काही कारण नाही. त्या औषधांना गरजेपेक्षा थोडं जास्त झालं तरी चालण्याइतकी ऐसपैस जागा असते. मोजतात ती मुख्यतः अशी औषधं, ज्यांच्यात पुरेसं आणि फार यांमधली वाट अरुंद असते.

लघवीची गोष्ट अर्धी राहिली. ऑक्सफर्डला लघवीतून औषध परत मिळवलं, तर आपल्याकडे मद्रासला लघवीला साक्षीला बोलावलं. १९५६ मध्ये तिथे क्षयावरचं एक केंद्र सुरू झालं. प्रश्न असा होता, की सॅनेटोरियममध्ये खाटा मुळीच पुरत नाहीत, मग रोगी घरी ठेवून गोळ्या दिल्या तर तो बरा होईल का? निम्मे रोगी सॅनेटोरियमात, निम्मे त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत, औषधं दोघांना तीच. पण घरचा रोगी गोळ्या खरोखर घेतो हे कशावरून? म्हणून कार्यकर्ते अवचित घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवी तपासायला नेत. तिच्यात औषध उतरलेलं असे किंवा नसे. वर्षअखेरीस घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झालेले दिसले. १९५९ मध्ये हे छापून आलं आणि जगभर क्षयाचा उपचार घराघरांत आला. त्या घरांत रोज गोळ्या काढून हातावर ठेवणाऱ्या कोण होत्या, हे अहवालाने वेगळं नोंदवलं नसेल, पण तुम्हाला-मला ते सांगायला नको.

आणि आयसोनियाझिड ही क्षयाची गोळी माणसागणिक किती निराळी वागते! काहींचं यकृत तिचा निकाल झटपट लावतं, काहींचं सावकाश. ते जन्मजातच असतं, आणि आपल्या देशात निम्म्याहून अधिक माणसं सावकाश गटातली. एकाच घरात सारखीच गोळी घेणाऱ्या दोघा भावांच्या रक्तातलं माप सारखं नसू शकतं. 'त्याला काही झालं नाही, तुझ्याच पायाला कशा मुंग्या येतात?' असं म्हणण्याआधी हे आठवा. त्या मुंग्यांवर डॉक्टर बी-सहा हे जीवनसत्त्व देतात.

आता पत्रांकडे वळते. एका भगिनीने विचारलं आहे, अँटिबायोटिक गोळी गरम पडते म्हणून दुधाबरोबर द्यावी का? गोळी कोणती यावर ते आहे. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं आणि ती रक्तात पुरती पोहोचतच नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, आम्लपित्ताची पांढरी औषधं यांचंही तेच. गोळी पाण्याबरोबर आधी द्या आणि या गोष्टी निदान दोन तासांनी. त्या आधी पोटात गेल्या असतील तर गोळीसाठी त्याहून जास्त थांबावं लागतं, किती ते डॉक्टरांना विचारा. अमॉक्सिसिलिनला दुधाची अडचण नाही.

दुसरीने लिहिलं आहे, लघवीच्या जळजळीवर मिळालेल्या नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी गडद पिवळी, तपकिरी होते. घाबरू नका, ते औषधच आहे. ते रक्तात अगदी थोडं राहतं आणि लघवीत भरपूर जमतं, म्हणूनच मूत्राशयाच्या दुखण्याला ते चालतं. पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं असं असेल तर जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात. तिथे हे औषध पुरेसं पोहोचत नाही. मागच्या वेळची उरलेली पाकिटं तेव्हा काढू नका, डॉक्टरांकडे जा.

तिसरं पत्र एका नवविवाहितेचं आहे, आणि ते मी जरा घाईने घेते आहे. क्षयावर रिफाम्पिसिन चालू आहे, लघवी नारिंगी होते, डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगतं, हे ठीक ना? ते ठीकच आहे. औषध अंगात गेल्याची ती खूण आहे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर मात्र त्या वापरू नका, त्यांवर कायमचा डाग पडतो. पण तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत, की मूल इतक्यात नको म्हणून रोजची गोळीही घेता. बाई गं, रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं, की त्या दुसऱ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण खाली घसरतं आणि तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. रिफाम्पिसिन संपल्यावरही हा परिणाम काही आठवडे टिकतो. दोन्हीपैकी एकही औषध आपल्या मनाने बंद करू नका. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून दुसरा उपाय ठरवा, आणि तो ठरेपर्यंत यजमानांनी काळजी घ्यायची. त्यांना सांगायला संकोच वाटत असेल तर हे पान त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवा.